चेंडू चरात पडतो तेव्हा

जानेवारीतला शनिवार, दुपारचा एक. उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग शहराबाहेरचा सरळसोट डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेले चर, चरांपलीकडे थंडीनं पिवळी पडलेली कुरणं, आणि क्षितिजापर्यंत एक टेकाड म्हणून नाही. रस्त्यावरून पंधरा-वीस माणसं रमतगमत चालली आहेत. त्यांच्यातला एक जण चार चाकांची लाकडी गाडी दोरीनं ओढतोय. गाडीत थर्मास, बाटल्या, खाऊचे डबे. प्रत्येकाच्या गळ्यात दोरी आणि दोरीला लटकवलेला एक इवलासा पेला. पुढं उभ्या असलेल्या माणसानं पाय फाकवून हात खाली केला आहे. चेंडूचा टप्पा नेमका कुठं पडायला हवा, ते तो बोटानं दाखवतोय.

आणि हातात चेंडू आहे तो पुण्याहून नोकरीला आलेल्या, जेमतेम तीन महिने या देशात काढलेल्या एखाद्या मुलीच्या. चेंडू दिसायला क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरा मोठा, पण उचलल्यावर मनगटाला कळतं की हे प्रकरण वेगळं आहे: एक किलोच्या आसपास वजन. आदल्या दिवसापर्यंत ऑफिसात फक्त ‘मोइन’ एवढा नमस्कार करून आपल्या खुर्चीकडे जाणारी माणसं आता तिच्या नावानं ओरडताहेत. ती पाच-सहा पावलं धावते, हात मागून खालून पुढं आणते आणि चेंडू सोडते. तो तीस-चाळीस मीटर नीट जातो, मग रस्त्याच्या उतारानं डावीकडे कलतो आणि डुबकन चरात पडतो.

कोणी हळहळत नाही. गाडीच्या कडेला बांधलेली लांब दांड्याची जाळी काढली जाते. या जाळीला तिथं ‘क्राबर’ म्हणतात. दोघं-तिघं चराच्या काठावर बसतात, गढूळ पाण्यात जाळी फिरवतात, ‘आणखी डावीकडे, जरा मागं’ असं एकमेकांना सांगतात. दोन मिनिटांत चिखलानं माखलेला चेंडू वर येतो, पुसला जातो आणि पुढच्या भिडूच्या हाती पडतो. जिथं चेंडू रस्ता सोडून गेला, तिथून तो पुढची फेक करणार.

या खेळाचं नाव बोसेल्न. आणि ही माणसं जिथं निघाली आहेत, तिथं वाफाळलेली, तासन्‌तास शिजवलेली एक हिरवी पालेभाजी त्यांची वाट पाहते आहे. खेळ आणि जेवण मिळून होणाऱ्या या दिवसभराच्या पायी सहलीला म्हणतात कोलफार्ट: कोल म्हणजे कोबीच्या कुळातली भाजी, फार्ट म्हणजे सफर. ब्रेमेन, ओल्डेनबुर्ग, आमरलांड, ओस्टफ्रीसलांड या साऱ्या सपाट मुलखात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत शनिवार-रविवार या सफरींनी गजबजलेले असतात. ऑफिसं, क्रीडामंडळं, गल्लीतले शेजारी, विद्यापीठातल्या प्रयोगशाळा, सगळ्यांची आपापली सफर असते.

पुणेकरांना हा मुलूख अगदीच परका नाही. औंधकडे जाताना लागणारा ब्रेमेन चौक रोज हजारो लोक ओलांडतात. ते नाव पुणे आणि ब्रेमेन या दोन शहरांच्या काही दशकांच्या मैत्रीतून आलं आहे. आज ब्रेमेनच्या विद्यापीठांत शिकायला, तिथल्या मोटार आणि विमान उद्योगांत काम करायला महाराष्ट्रातून तरुण मुलं-मुली जातात. ब्रेमेनहून ओल्डेनबुर्ग रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आसपास. पण चौक ओलांडणं वेगळं आणि त्या गावातला डिसेंबर काढणं वेगळं. २१ डिसेंबरच्या आसपास तिथं सकाळी साडेआठनंतर उजाडतं आणि दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. कामावर जाताना अंधार, परतताना अंधार. दुकानं रविवारी बंद. संध्याकाळी बहुतेक घरांत गार जेवण: ब्रेड, चीज, मांसाचे काप, काकडीचं लोणचं. गरम वरणभाताच्या सवयीच्या माणसाला या दिवसांत घराची आठवण सर्वांत जास्त छळते, आणि नेमक्या याच दिवसांत सहकाऱ्याचं आमंत्रण येतं: शनिवारी कोलफार्ट आहे, येणार का?

बरेच जण नाही म्हणतात. कारणं खरी असतात. बाहेर दोन अंश तापमान. जेवणात डुकराचं मांस असणार. पेल्यात दारू असणार. खेळ येत नाही. भाषा धड येत नाही. पण नकार देण्याआधी या दिवसात नेमकं काय घडतं, ते पाहायला हवं. कारण नव्या माणसाला आपल्यात ओढून घेण्याची इतकी साधी सोय जर्मनीत फार ठिकाणी नाही.

बोसेल्नचे नियम पाच मिनिटांत समजतात. दोन संघ पाडायचे. ठरलेला रस्ता, तीन-चार किलोमीटर किंवा जास्त. प्रत्येक संघातले भिडू पाळीपाळीनं फेकतात आणि एकाचा चेंडू जिथं थांबतो, तिथून दुसरा पुढं फेकतो. संपूर्ण रस्ता कमीत कमी फेकींत जो पार करेल तो संघ जिंकतो. एका संघानं दुसऱ्यापेक्षा एक अख्खी फेक वाचवली की त्याला एक ‘श्योट’ मिळतो. हात खांद्यावरून नव्हे, खालून येतो. चेंडू हवेत लांब उडवायचा नसतो. त्याला डांबरावर योग्य जागी टप्पा देऊन घरंगळत ठेवायचं असतं. रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे सगळी कला चेंडू त्या पाठीवर टिकवण्यात आहे. वळण आलं तर हाताच्या फिरकीनं चेंडूलाही वळायला लावतात. पुढं उभा राहून टप्प्याची जागा दाखवणारा भिडू महत्त्वाचा, कारण रस्त्याचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक ठिगळ त्याला पाठ असतं. चेंडू दोन जातींचे: रबरी, आणि पूर्वी एका अतिशय कठीण लाकडाचे असत ते, आता बहुधा प्लास्टिकचे.

सहलीतला बोसेल्न हा या खेळाचा हलकाफुलका अवतार. त्याचा खरा, कसदार अवतार रविवारी सकाळी दिसतो. ओस्टफ्रीसलांड आणि ओल्डेनबुर्गच्या गावांत या खेळाचे क्लब आहेत, लीग आहेत, मुलांचे, बायकांचे, ज्येष्ठांचे वेगवेगळे गट आहेत. १९०२ साली स्थापन झालेली फ्रिसियन क्लोटशीसर संघटना हा सारा कारभार पाहते. सामने सार्वजनिक रस्त्यांवरच होतात. सूचनेच्या पाट्या लावल्या जातात, मोटारी थांबतात, कोणीतरी हात करून वाट मोकळी करून देतो, मग खेळ पुन्हा सुरू. ‘ल्युख अप!’ अशी आरोळी ऐकू येते. स्थानिक बोलीत याचा अर्थ वर उचल. चेंडू उचल आणि जाऊ दे उडत, असा त्यातला भाव.

याच खेळाचा वडील भाऊ म्हणजे क्लोटशीसन. क्लोट म्हणजे ढेकूळ किंवा गोळा. लाकडाच्या छोट्या गोळ्याला आरपार भोकं पाडून त्यांत शिसं ओततात. पुरुषांच्या गोळ्याचं वजन ४७५ ग्रॅम. फेकणारा लांबून धावत येतो, उतरत्या फळीवरून उडी घेतो आणि हवेत असतानाच हाताचं पूर्ण चक्र फिरवून गोळा सोडतो. या खेळातले दिग्गज शंभर मीटरच्या पलीकडे फेकतात. पण हा खेळ रस्त्यावर होत नाही. त्याला हवी असतात कडक गोठलेली कुरणं, चर गोठलेले, माती दगडासारखी, म्हणजे शेकडो माणसं शेतातून चालत गेली तरी गवताचं नुकसान होत नाही. ओल्डेनबुर्ग विरुद्ध ओस्टफ्रीसलांड असा मैदानी सामना थंडीच्या कृपेवर अवलंबून असतो. अलीकडचे हिवाळे उबदार होत चालले आहेत आणि या सामन्यांचा योग दुर्मीळ झाला आहे. हवामानबदलाच्या बातम्यांत हिमनद्या असतात, बुडणारी बेटं असतात. शेतकऱ्यांचा एक जुना खेळ माती गोठत नाही म्हणून अडून बसतो, याचीही नोंद व्हायला हवी.

या खेळाचे भाऊबंद समुद्रापलीकडेही आहेत. आयर्लंडमध्ये आर्मा आणि कॉर्क या भागांत २८ औंसांचा, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅमचा लोखंडी गोळा गावच्या रस्त्यांवरून फेकतात. नेदरलँड्समध्ये सीमेलगतच्या गावांत क्लोटशीटन खेळतात. दर चार वर्षांनी हे सगळे एकत्र येऊन युरोपीय स्पर्धा भरवतात आणि तीत रस्त्यावरची फेक, मैदानातली फेक असे प्रत्येकाच्या गावचे प्रकार खेळले जातात. म्हणजे प्रत्येक संघाला निदान एक खेळ तरी परका असतोच.

मराठी माणसाला यातलं काय ओळखीचं वाटतं? विटीदांडूत विटी जिथं पडली तिथून अंतर मोजायचं, ते. आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याच्या फेकीवर जोरजोरात बोलत राहायचं, ते. पण एक गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती फार मोलाची आहे. आपल्याकडे लहान किंवा नवख्या मुलाला खेळात घ्यायचं तर त्याला ‘कच्चा लिंबू’ करतात. तो पळतो, खेळतो, पण बाद होत नाही आणि त्याचं काही मोजलंही जात नाही. कोलफार्टमध्ये कच्चा लिंबू नसतो. नव्या माणसाची फेकही फेकच. ती चरात गेली तर संघाचा एक हात वाया गेला, आणि ती नशिबानं रस्त्याच्या मधोमध दूरवर घरंगळत गेली तर संघ त्याच्या पाठीवर थापा मारतो. या देशात नवीन आलेल्या माणसाला कागदपत्रांसाठी रांगा लावाव्या लागतात, परवाने मिळवावे लागतात, परीक्षा द्याव्या लागतात. आणि इथं, एका ओल्या रस्त्यावर, काहीही न विचारता त्याचं नाव संघाच्या यादीत घेतलेलं असतं. ही गोष्ट साधी दिसते. जिनं परदेशात एकटीनं पहिला हिवाळा काढला आहे, तिला विचारा.

आणखी एक फरक पडतो तो बोलण्यात. जर्मन भाषेत आपल्यासारखंच अहो-जाहो आणि अरे-तुरे आहे: ‘झी’ आणि ‘डू’. बऱ्याच कार्यालयांत आता सरसकट ‘डू’ चालतं, पण जिथं चालत नाही तिथं कोणी कोणाला आपण होऊन अरे-तुरे म्हणत नाही; वडीलधाऱ्यानं किंवा वरिष्ठानं ते आधी देऊ करायचं असतं. चराच्या काठावर एकानं जाळी धरलेली आणि दुसऱ्यानं त्याचा कोट धरलेला असताना ‘अहो, जरा डावीकडे घेता का’ म्हणत कोण बसणार? सफरीत बहुतेकदा ‘डू’ सुरू होतं आणि सोमवारीही टिकतं.

वाटेत इतरही खेळ होतात. रबरी गमबूट लांब फेकण्याची चढाओढ असते. चहाची पुडी लांब फेकण्याची तर फारच मजेची: पुडी पाण्यात भिजवायची, दोऱ्याच्या टोकाचा कागद दातांत धरायचा, हात न लावता मान मागं टाकून झटक्यात पुढं आणायची आणि त्याच क्षणी दात सोडायचे. चुकलं तर ओली पुडी स्वतःच्याच कपाळावर. या खेळाला ताकद लागत नाही, भाषा लागत नाही, आणि सत्तरीच्या आजी पंचविशीच्या इंजिनिअरला हरवू शकतात.

चहाचं नाव निघालंच आहे, तर त्या मुलखात एक थांबा घ्यायलाच हवा. ओस्टफ्रीसलांडची माणसं दरडोई वर्षाला सुमारे ३०० लिटर चहा पितात. जगात कुठंच एवढा पीत नाहीत. लेर गावची ब्युंटिंग ही चहाची पेढी १८०६ सालची. २०१६ साली तिथल्या चहा पिण्याच्या पद्धतीला जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा मिळाली. आणि या चहाचा कणा आहे आसामची पत्ती. भारतातून गेलेल्या माणसाला इथं आपलाच चहा भेटतो, पण वेगळ्या रीतीनं.

पातळ चिनी मातीच्या छोट्या कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा ठेवतात. त्याला क्लुंट्ये म्हणतात. त्यावर कढत, कडक चहा ओततात. त्या क्षणी कपाशी कान नेला तर खडा तडतडताना ऐकू येतो, आणि घरातली माणसं गप्प राहून तो आवाज ऐकतात. मग बाक असलेल्या छोट्या चमच्यानं साय कपाच्या कडेकडेनं अलगद सोडायची. ती आधी बुडते आणि मग तळातून वर उमलत येते. तिला ते वुल्क्ये म्हणतात, छोटा ढग. आणि आता ढवळायचं नाही. आपला हात सवयीनं चमच्याकडे जातो, तो आवरायचा. पहिला घोट सायीचा, मधला कडवट चहाचा, शेवटचा गोड. तीन कप घ्यायचेच. त्याहून कमी घेणं यजमानाला बरं वाटत नाही. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. ही खूण माहीत नसलेला पाहुणा चमचा बशीत ठेवून बसतो आणि कप पुन:पुन्हा भरत राहतो. उकळी फुटेपर्यंत आलं, वेलदोडे आणि दूध घालून चहा करणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला हा चहा पहिल्यांदा अपुरा वाटेल. तिसऱ्या कपापर्यंत थांबावं. एकाच कपात तीन चवी थरांनी ठेवण्याची ती युक्ती मनात घर करते.

आता भाजी. ग्र्यूनकोल म्हणजे आपल्याकडे अलीकडे ‘केल’ नावानं मोठ्या शहरांच्या बाजारात दिसू लागलेली, कुरळ्या पानांची भाजी. कोबी, फुलकोबी, नवलकोल यांचीच सख्खी बहीण, फक्त तिचा गड्डा होत नाही. जुन्या वाणांचा दांडा माणसाच्या छातीपर्यंत वाढतो. खालची पानं खुडत गेलं की वर फक्त तुरा उरतो, म्हणून तिला कौतुकानं ओल्डेनबुर्गचं ताडाचं झाड म्हणतात. तिथले म्हातारे सांगतात, पहिलं दहिवर पडल्याशिवाय ही भाजी खुडू नये. त्यात तथ्य आहे. थंडीत रोपाचं चलनवलन मंदावतं, पण पानं उन्हातून साखर बनवत राहतात. ती खर्च होत नाही, पानांत साठत जाते आणि भाजीचा कडवटपणा मागं सरतो. हे जिवंत रोपातच होतं. खुडून आणलेली पानं फ्रीजरमध्ये ठेवून ती गोडी येत नाही.

शिजवण्याची रीत मराठी स्वयंपाकघराला समजेल अशीच आहे. जाड शिरा काढून पानं ओरबाडून घ्यायची, तीन-चार पाण्यांतून धुवायची कारण कुरळ्या घड्यांत रेती अडकते, उकळत्या पाण्यातून काढून बारीक चिरायची. चरबीत कांदा परतायचा, भाजी टाकायची आणि मंद आचेवर तास-दीड तास शिजू द्यायची. शेवटी मूठभर भरडलेला ओट घालून घोटायची, म्हणजे भाजीचं पाणी धरलं जातं आणि ती मिळून येते. थोडी मोहरीची पेस्ट, मिरी, मीठ. ताटात पडते तेव्हा ती गडद हिरवी, मऊ, दाट असते. अळूचं फदफदं ज्यानं खाल्लं आहे त्याला हा पोत परका वाटणार नाही. तिथं चणाडाळ आणि बेसन जे काम करतं, ते इथं ओट करतो. चिंचगुळाच्या जागी थंडीनं आणलेली गोडी आहे. तिखट मात्र नाही. मिरचीची वाट पाहणाऱ्या जिभेला मोहरीच्या झणक्यावर भागवावं लागतं.

भाजीबरोबर उकडलेले बटाटे येतात आणि मग मांसाचा डोंगर: धुरावलेलं डुकराचं मांस म्हणजे कास्लर, शिजवलेली सॉसेजेस, आणि मानाचा पदार्थ पिंकेल. पिंकेल हेही सॉसेजच, पण त्यात मांसापेक्षा भरडलेला ओट किंवा जव, चरबी, कांदा आणि मसाले जास्त. भरून झाल्यावर धुरी दिलेलं. ज्या आतड्यात ते पूर्वी भरत, त्याच्या बोलीतल्या नावावरून हा शब्द आला असं सांगतात. ब्रेमेनमध्ये तर साऱ्या जेवणालाच ‘कोल आणि पिंकेल’ म्हणतात. मिरी, लवंगेसारख्या मसाल्यांचा वास, धुराचा वास, ओटाचा रवाळ घास: जे मांस खातात त्यांनी हा घास भाजीबरोबर मिसळून खावा, सुटा नव्हे. सुटा तो तेलकट लागतो. भाजीत मुरला की त्याचं प्रयोजन कळतं.

जे खात नाहीत त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ‘मी फक्त भाजी घेईन’ म्हणून भागत नाही. पारंपरिक पद्धतीत भाजीच चरबीत परतलेली असते आणि सॉसेजेस तिच्यावरच ठेवून शिजवतात, म्हणजे त्यांचा सारा रस भाजीत उतरतो. ताटात वरून मांस दिसत नाही आणि माणूस फसतो. म्हणून आमंत्रण देणाऱ्याला आठवडाभर आधी स्पष्ट सांगावं: भाजी मांसाशिवाय, तेलात शिजवलेली हवी. यात संकोच वाटायचं कारण नाही. हल्ली तिथल्या तरुण मंडळींतही शाकाहारी पुष्कळ आहेत, सुपरमार्केटात मांसविरहित पिंकेल मिळतं आणि बऱ्याच खानावळी वेगळं पातेलं चढवतात. पेल्याचंही तसंच. त्यात धान्याची कडक दारू असते, पण सफरचंदाचा रस घेऊन वर केलेला पेलाही पेल्याला भिडतो. आधी सांगितलं तर सोय होते. ऐनवेळी ताट मागं सारलं तर यजमानाची पंचाईत होते. बोलायची हिंमत न झाल्यामुळे घरी बसणारे जितके, तितकेच ऐनवेळी उपाशी राहून परतणारे. दोन्ही टाळता येतं.

या सफरीची ओळख मराठी वाचकाला एका शब्दात करून द्यायची तर हुरडा. शेतात ज्वारीचं कणीस दुधाळ भरलं की शहरातली माणसं गाड्या काढून शेतावर जातात, आगटीभोवती बसतात, गरम हुरडा चटणीबरोबर खातात, झाडाला झोका बांधतात. वर्षातले मोजके दिवस, तेवढ्याच दिवसांत मिळणारी चव, आणि तिच्यासाठी गाव सोडून उघड्यावर जाणं. एकोणिसाव्या शतकात ओल्डेनबुर्ग आणि ब्रेमेनचे नागरिकही असेच हिवाळ्यात शहराबाहेरच्या खेड्यांतल्या खानावळींकडे पायी जाऊ लागले. थंडीत दोन-तीन तास चालून गेल्याशिवाय ते जड जेवण पचणार नाही आणि त्याची गोडीही लागणार नाही. चालणं, खेळ आणि जेवण यांची सांगड तिथल्या हवेनंच घातली आहे. म्हणूनच हीच भाजी मे महिन्यात हॉटेलात मागवली तर ती नुसती भाजी राहते.

ब्रेमेनमध्ये या भाजीला दरबारी मानही आहे. खलाशांच्या जुन्या संस्थेचं शाफरमाल नावाचं भोजन १५४५ पासून चालत आलं आहे. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी होणाऱ्या या भोजनात ही भाजी पिंकेलसकट वाढतात, आणि बाहेरगावच्या पाहुण्याला तिथं आयुष्यात एकदाच बोलावलं जातं. ओल्डेनबुर्गनं तर १९५६ पासून आपली भाजी थेट राजधानीत नेली, आधी बॉनला आणि नंतर बर्लिनला. तिथल्या मेजवानीत देशातल्या एखाद्या नामांकित राजकारण्याला ‘कोबीचा राजा’ ठरवतात. अंगेला मेर्केल यांच्याही नावावर हा मान आहे. अशीच जुनी परंपरा हिवाळ्यातल्या एका गमतीच्या पैजेलाही आहे. ब्रेमेनमध्ये १८२९ पासून दर वर्षी ६ जानेवारीला वेझर नदी गोठली आहे की वाहते आहे यावर पैज लागते. ९९ पौंडांचा, म्हणजे जर्मन मापानं साडेएकोणपन्नास किलोचा शिंपी हातात गरम इस्त्री घेऊन नदी ओलांडायला येतो. नदी गेल्या कित्येक दशकांत गोठलेली नाही, तरीही भर दुपारी बाराला काठावर गर्दी जमते. नव्या माणसानं तिथंही जाऊन उभं राहावं. तिकीट नाही, ओळख लागत नाही.

खेळ असे प्रवास करतात, याचा पुरावा पुण्यातही आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज फूल-रॅकेटचा एक खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’ म्हणत. घरापासून हजारो मैलांवर राहणाऱ्या माणसांच्या हाती लागलेला तो खेळ त्यांच्याबरोबर विलायतेला गेला आणि आज जग त्याला बॅडमिंटन म्हणतं. परमुलखात राहणाऱ्यानं तिथल्या मैदानात उतरणं ही किरकोळ गोष्ट नाही. पुढं काय काय घडेल, ते उतरणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पुन्हा त्या रस्त्यावर येऊ. चार वाजत आले आहेत, उजेड ओसरतोय. गाडी हलकी झाली आहे. शेवटच्या फेकी अंदाजानं टाकल्या जातात, चेंडू दिसण्याआधी ऐकू येतो. खानावळीची खिडकी पिवळी दिसू लागते. आत गेल्यावर बुटांवरचा चिखल, चष्म्यांवर धुकं, कानांत उष्णतेची झिणझिण. लांबलचक बाकांवर माणसं एकमेकांना चिकटून बसतात. मोठ्या वाडग्यांतून भाजी येते, पहिली संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. पोटातून ऊब चढते, आणि सकाळपासून जे जर्मन वाक्य जमत नव्हतं, ते सहज तोंडातून निघून जातं.

जेवण संपत आलं की राजा-राणी निवडतात. पूर्वी जेवणाआधी आणि नंतर माणसांना तराजूवर उभं करत आणि ज्याचं वजन जास्त वाढलं तो राजा होई. आता प्रत्येक मंडळीची रीत निराळी: कुठं सर्वांत जास्त खाणारा, कुठं सर्वांत चांगला भिडू, कुठं मावळत्या राजाच्या मनात येईल तो. गळ्यात काहीतरी हार किंवा साखळी घालतात, टाळ्या होतात, छायाचित्र निघतं. हा मान फुकट नसतो. राजा-राणीनं पुढच्या वर्षीची सफर ठरवायची असते: तारीख, रस्ता, गाडी, चेंडू, खानावळ, माणसांची यादी. आणि नव्यानं आलेल्या माणसाच्या गळ्यात ही साखळी पडणं मुळीच दुर्मीळ नाही, कारण ज्याला इथं टिकवायचं आहे, त्याच्यावर काम सोपवायची त्या मुलखाची रीत आहे.

मग पुढच्या डिसेंबरात, अंधार लवकर पडू लागला की, तीच मुलगी फोन घेऊन बसते. आदल्या वर्षी चरात पडलेल्या चेंडूपासून पुढं किती रस्ता होता, कुठल्या वळणावर मोटारी जास्त असतात, ते तिला आता पाठ आहे. समोरच्या कागदावर बावीस नावं आहेत. त्यांत दोन-तीन अशी, की ज्यांनी गेल्या वर्षी काहीतरी कारण सांगून नकार दिला होता. त्यांना तिनं स्वतः जाऊन विचारलं आहे. खानावळीचा मालक फोन उचलतो, ‘मोइन’ म्हणतो. तीही ‘मोइन’ म्हणते आणि तारखेच्याही आधी विचारते: भाजीची दोन पातेली वेगवेगळी चढवाल ना? एक पिंकेलचं, एक तेलातलं. दुसऱ्यात सहा जण.